पट्टा आवळणारा हात

लॅबमधल्या पांढऱ्या उंदरांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. जन्मापासूनच ब्लडप्रेशर जास्त असणारी ही जात. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. औषधाने बारीक रक्तवाहिन्या सैल पडायच्या, रक्त मोकळं वाहायचं आणि प्रेशर उतरायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ती प्रेशर मोजायला एकेकाला पारदर्शक नळीत कोंबायची, शेपटीला ऊब देऊन तिच्यावर चिमुकला पट्टा आवळायची आणि आकडा पाहून कपाळावर हात मारायची. औषधवाले आणि पाणीवाले, सगळे सारखेच चढलेले. दोन वर्षांची मेहनत आणि निष्पन्न काय, तर शून्य.

घरी यावं तर तिथेही तेच, बाबांचं ब्लडप्रेशर. उंदरांच्या पोटात औषध निदान नळीने सोडता यायचं, बाबांच्या बाबतीत ती सोय नव्हती. खांद्यावरची पर्स न काढता ती मशीन आणायची, त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची आणि तो फुगत असतानाच उलटतपासणी सुरू करायची. मीठ वरून घेतलंत का, फिरायला का गेला नाहीत, गोळी खाल्ली की खिडकीतून फेकली? आकडा आला की तिचं डोकं फिरायचं. गोळी रोज घेतो, असं बाबा सांगायचे. तिला ते पटायचं नाही. डॉक्टरांच्या मागे लागून तिने डोस दोनदा वाढवून घेतला होता. हल्ली बाबा भिंतीला धरून चालायचे, तर त्यावरही तिचं बोलणं तयार, की फिरायचं टाळलं की पाय असेच आखडतात.

मग तिची दाढ दुखायला लागली. एक दिवस सुट्टी घेतली, त्या दिवशीचे उंदीर सहकारिणीने तपासले. काम करताना ही बाई सतत गुणगुणायची, म्हणून लॅबमध्ये तिला सगळे मैना म्हणत. मैनेचे आकडे वेगळेच निघाले. पाणीवाले चढलेले होते, पण औषधवाले चक्क उतरलेले. मैनेने काहीतरी घोळ घातला, याबद्दल तिला शंकाच नव्हती. ती तणतणत सरांकडे गेली.

सरांनी वाद न घालता औषधवाला एकच उंदीर दोघींना तपासायला लावला. तिने त्याला मानगुटीला धरून नळीत ढकललं, लगेच पट्टा आवळला, मशीनला दोन शिव्या घातल्या. आकडा चढा. तासाभराने मैनेची पाळी आली. उंदीर नळीत शिरला तरी तिने शेपटीला हातच लावला नाही. गुणगुणत बसून राहिली. उंदराने मिशा साफ केल्या, अंग सैल सोडलं, तेव्हा कुठे तिने पट्टा चढवला. आकडा खाली.

"औषध लागू पडतंय," सर म्हणाले. "फक्त तुझ्या हाताखाली त्याचं काही चालत नाही."

तिला मनस्वी राग आला. सरांचा, मैनेचा, त्या मिशाळ गद्दाराचा. घराच्या वाटेवर तो राग निवत गेला आणि निम्म्या रस्त्यात तिला पट्ट्यात आवळलेला बाबांचा दंड आठवला.

त्या दिवशी तिने पर्स खाली ठेवली. बाबांशेजारी बसली. काही विचारलं नाही. टीव्ही बंद होता. बाबा आधी अवघडून बसले होते, जरा वेळाने त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. तिने हलक्या हाताने पट्टा बांधला आणि जीभ दाताखाली धरून थांबली.

आकडा इतका खाली होता, की तिने तो पुन्हा घेऊन पाहिला. तेवढाच आला.

"बाबा, तुम्हाला चक्कर येते?"

"येते की. उठताना अंधारी येते. परवा न्हाणीघरात पडलो."

"मग मला सांगितलं का नाही?"

बाबांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडवला आणि नीट गुंडाळून तिच्या हातात दिला.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू मशीन घेऊन आली असतीस."