विभूतीची डबी

"रत्नव्वा, दुसरं काही औषध चालू आहे?" छातीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय," अव्वा म्हणाली आणि खोकत सुटली.

आईचं ते 'न्हाय' ऐकून रक्षितानं दप्तर मांडीवर घट्ट धरलं. दिवाळीपासून अव्वाची छाती भात्यासारखी वाजायची. दोन पंप संपले, तरी दम हटेना. अप्पा शिरोलीत लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. त्यांनी सगळा दोष स्वतःवरच घेतला होता. कपडे बाहेर झटकायचे, अंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. आज तर खिशात राजीनामा घालूनच आले होते.

"डॉक्टरसाहेब, माझ्या कपड्यातली धूळच हिच्या छातीत बसलीया. उद्याच नोकरी सोडतो. मग बरी हुईल न्हवं?"

अव्वा खाली बघत बसली.

परवाच रक्षिता वक्तृत्वात पहिली आली होती, तीनशे पोरांसमोर बोलून. इथं माणसं तीन, आणि पहिलं वाक्यच सापडेना. अव्वा चोरून घेत असलेल्या गोळ्या मेडिकलमधनं तीच आणायची. 'कुणाला सांगशील तर माझी शपथ' असं अव्वानं बजावलं होतं. पण अप्पांचा हात खिशाकडं गेला, तशी तिनं सकाळी गुपचूप दप्तरात घातलेली डबी काढून टेबलावर आपटली.

पूजेच्या विभूतीची डबी! घरात अव्वाशिवाय तिला कुणी हात लावत नसे. म्हणून तर गोळ्या तिच्यात होत्या.

"पाळी गेली तिची. अंगातनं वाफा निघतात म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिल्यात. दसऱ्यापासनं घेतीया!"

अप्पांचे कान लाल झाले. "अगं, मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? म्हातारी झाले म्हणून?"

डॉक्टरांनी विभूती झटकून पाकिटावरचं नाव वाचलं. "हार्मोनची गोळी. काहीजणींना हिच्यानं दमा सुरू होतो, वाढतोही. तुमचं तसंच आहे, असं आत्ताच म्हणत नाही. धुळीचाही त्रास असेल. पण हे आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंशी बोलून गोळी थांबवून बघू. राजीनाम्याची घाई नको."

अप्पांनी कागद फाडला नाही. नुसता आणखी एक घडी घालून खिशात खोल सारला.

जिन्यात अव्वा दर वळणावर थांबत होती. रक्षितानं हात पुढं केला, तर तिनं तो झटकला. दुसऱ्या वळणावर धापा टाकत म्हणाली, "अंघोळ न करता डबीला हात लावलास?"

"केलती की!"

"डोक्यावरनं?"

रक्षिता आपली कोरडी वेणी चाचपू लागली.

"मग घरी जाऊन कर," अव्वा म्हणाली, आणि आपणच तिचा हात धरून पुढची पायरी उतरली.