तळ्याकाठची वाकडी रेघ

“हळू. इथं हळू घे,” बाबा म्हणाले. तिने नेहमीप्रमाणे ब्रेकवर पाय ठेवला.

उद्यानातला रस्ता तळ्याच्या कडेने जिथे सरळ धावतो, ती जागा. सकाळचे साडेसहा. मागून सायकलवाल्यांचा घोळका घंटा वाजवत आला आणि गाडीला वळसा घालून पुढे गेला. त्यातल्या एकाने आत डोकावून नापसंतीने मान हलवली.

“बघ कसा बघतोय. जणू त्याच्या स्वयंपाकघरात गाडी घातली आपण.”

“बाबा, काच खाली आहे. ऐकू जातं.”

“जाऊ दे की. मोठ्यानं बोलायची सवय करतोय. शुक्रवारी सभेत बोलायचंय.”

शुक्रवारी नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती: उद्यानातला रस्ता गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना आणि सायकलींना द्यायचा की नाही. बाबांनी नगरपालिकेत एकतीस वर्षं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले होते. आता त्यांचे गुडघे गेले होते. फाटकापासून तळ्यापर्यंत चालणं त्यांच्याच्याने होत नव्हतं, म्हणून ती त्यांना रोज गाडीतून आणायची. पाचला उठायचं, त्यांचं आवरून द्यायचं, ही फेरी मारायची आणि मग ऑफिस गाठायचं. दोन वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती.

रस्त्याच्या मधली रेघ इथे वीतभर बाहेर गेली होती. आठ वर्षांची असताना ती सुट्टीत बाबांबरोबर कामावर आली होती. चुन्यात बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधे उचलून सोडायची आणि उमटलेल्या खुणेवर रंग ओढायचा. ती बदकं बघत राहिली आणि तिच्या हातातली दोरी सरकली. बाबांनी न तपासताच रंग ओढला. पोरीने धरलीय म्हणजे बरोबरच असणार.

पुढे दर दोन वर्षांनी रस्ता रंगवताना त्यांनी ती वाकडी जागा तशीच गिरवली. साहेबांनी विचारलं, की गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “खाली पाइप आहे साहेब.” पाइपाचा आणि रंगाचा काय संबंध, हे कुठल्याच साहेबाने कधी विचारलं नाही.

“शुक्रवारी येशील ना? कागद धरायला. माझा हात थरथरतो.”

“येईन.”

“आणि बसशील कुणाच्या बाजूला?”

“तुमच्या. अजून कुणाच्या?”

“मग झालं तर.” ते पुन्हा रेघेकडे बघू लागले.

तेव्हा सांगता आलं असतं. महिन्यापूर्वी वरच्या मजल्यावरची दाताची डॉक्टर रस्ता बंद करण्याच्या मागणीचा कागद घेऊन दारात आली होती. आतून बाबा मोजे सापडत नाहीत म्हणून हाका मारत होते. तिने उभ्या उभ्या सही ठोकली. स्वच्छ हवा, मोकळं रान यांतलं काही तिच्या मनात नव्हतं. रस्ता बंद झाला तर सातपर्यंत झोपता येईल, एवढंच होतं.

तळ्यावरच्या त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसात असताना बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

सुनावणी काही कारणाने पुढे ढकलली गेली. तीन आठवड्यांनी झाली. बाबांनी लिहून ठेवलेला कागद घेऊन ती एकटीच गेली.

“मुलांनी सायकल चालवायची कुठे? गच्चीवर?” एक बाई विचारत होत्या.

“आणि आम्ही म्हाताऱ्यांनी तळ्यापर्यंत काय उडत जायचं?” मागून एक आवाज आला. सभागृह हसलं.

तिची पाळी आली. तिने वाचलं, “रस्ता बंद करायचा तर खुशाल करा. चालणाऱ्यालाही रेघ लागतेच. फक्त ज्यांचे पाय गेलेत त्यांच्यासाठी सकाळी एक तास फाटक उघडं ठेवा. बाकी माझी तक्रार नाही.”

ती खाली बसली तशी दाताची डॉक्टर कानाशी वाकली. “अगं, तू तर आमच्या यादीत आहेस ना?”

“आहे,” ती म्हणाली.

रस्ता बंद झाला. तासाभराच्या मागणीची ‘नोंद घेतली’ गेली.

बंदीच्या पहिल्या सकाळी तिला पाचलाच जाग आली. सातपर्यंत पडून राहायला कुणाची ना नव्हती. ती उठली आणि चालत तळ्यावर गेली. एक रंगारी मधली रेघ काळ्या रंगाने बुजवत येत होता. त्याच्यामागे सायकलींची नवी चित्रं वाळत होती. वाकड्या जागेशी येऊन तो थांबला.

“ही बघा ताई, सरकारी कामाची तऱ्हा! रस्ता सरळ आणि रेघ वाकडी.”

“खाली पाइप आहे,” ती सवयीने म्हणाली. मग म्हणाली, “नाही हो. पाइप नाहीये. दोरी माझ्या हातून सुटली होती.”

त्याला काही उमगलं नाही. “जरा सरकता का? रंग उडेल,” म्हणून तो डबा आणायला मागे वळला.

ती सरकली नाही. रेघेवर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, “बाबा, रस्ता बंद करायच्या कागदावर माझीही सही होती. मला सकाळी झोपायचं होतं.”