तिसरी शिट्टी

सदाशिव पेठेतल्या त्या छोट्या वृद्धाश्रमात येऊन आनंदीबाईंना महिना झाला, पण सकाळी कुकर लागला की त्यांचं बूड एका जागी टिकत नसे. पहिल्या शिट्टीला त्या पदर खोचत, दुसरीला उठत आणि तिसरीला स्वयंपाकघराच्या दारात हजर. तिथे आजी-आजोबांना मज्जाव होता.

"आजी, गॅस बंद करायला मी आहे ना," स्वयंपाक सांभाळणारी तनुजा म्हणे.

"असशील. पण चौथी होऊ देतेस, त्याचं काय?"

एकदा लगबगीत त्यांचा तोल गेला. पडल्या नाहीत, पण तनुजाने धसका घेतला. दुसऱ्या दिवशी तिने वरण-भात पातेल्यात, झाकण ठेवून, गुपचूप शिजवला.

त्या दिवशी आनंदीबाई खोलीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या. जीव कशाने थाऱ्यावर नाही, ते त्यांनाच कळेना. शेवटी ताट समोर आलं. वाफाळता वरण-भात, वर तुपाची धार. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"जेवा ना, आजी. गार होईल."

"जेवेन की," आनंदीबाई स्वयंपाकघराकडे कान लावून म्हणाल्या. "आधी कुकर तर होऊ दे."