पेटकाबाईंच्या घरी कुणी गेलं नाही

चौदा ऑक्टोबर, संत पेटकाचा दिवस, म्हणजे पेटका नाव असलेल्या सगळ्यांचा सण. त्या नावाच्या माणसाकडे आमच्या गावात कुणी आमंत्रणाची वाट बघत नाही. दार उघडं असतं, आपण फुलं घेऊन जायचं. उलट बोलावणं करणंच कमीपणाचं. शेजारच्या पेटकाबाईंनी सकाळीच बानित्सा, पातळ पोळ्यांच्या थरांत चीज भरलेली, भट्टीत भाजली, तिचा खमंग वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. अर्धं गाव बाईंच्या हाताखाली शिकलेलं. दरवर्षी या दिवशी त्यांच्याकडे खुर्च्या पुरत नसत.

यंदा दुपारचा एक वाजला तरी चिटपाखरू नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नगराध्यक्ष प्रसूतिगृह बंद करतोय, असं बाईंनी महिन्यापूर्वी गावाच्या इंटरनेटवरच्या गटावर लिहिलं, ठरावाच्या कागदासकट. त्याच्या पक्षाच्या लोकांनी तक्रारींचा भडिमार केला आणि तो गट ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर आहे, तिनं तासाभरात ते लिखाण उडवलं, खातंही बंद केलं. ‘बाई परदेशी पैसा खाते’ हे त्या लोकांचं लिखाण मात्र राहिलं, रोज आमच्या डोळ्यांपुढे नाचत राहिलं. बाईंनी कंपनीला अकरा पत्रं लिहिली. उत्तर एकच, यंत्रानं दिलेलं: नियमभंग. कुठला नियम, ते नाही.

दोन वाजता एक गाडी थांबली. यावोर, बाईंचा जुना विद्यार्थी. आता राजधानीत मंत्र्याच्या कचेरीत असतो. नगराध्यक्षाचा पक्ष म्हणजे या मंत्र्याच्या पक्षाचा वैरी. खिडकी उघडी होती. मी कान देऊन ऐकलं, खोटं कशाला बोलू?

“बाई, शंभर वर्षं जगा! आणि हा कागद बघा. सरकार मंडळ नेमतंय. कुणाचं लिखाण ठेवायचं, कुणाचं काढायचं, ते मंडळ ठरवणार. तुम्ही इथे सही करा आणि टीव्हीवर आपली हकिगत सांगा. बाकी माझ्यावर सोडा, सगळं गाव परत तुमच्या दारात.”

“मंडळावर कोण?”

“आपलीच माणसं.”

“आणि सरकार पडलं की?”

यावोर हसला. “तुम्ही अजून तोंडी परीक्षाच घेताय!”

“कंपनीनं कारण द्यावं, माणसाला दाद मागता यावी, असा कायदा आण. आत्ता सही करते. पण मी काय बोलावं ते ठरवणारा साहेब नको रे मला. तुझाही नको.”

“मग बसा एकट्या!” म्हणत तो तरातरा निघून गेला. बानित्सेला हातही लावला नाही.

थोड्या वेळानं माझी कडी वाजली. दारात बाई, हातात झाकलेलं ताट.

“स्तोयना, येतेस का गं? सगळं तसंच पडलंय.”

आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाला बोलवायला आल्या होत्या. माझ्या दोन्ही मुलींना त्यांनी वाचायला शिकवलं. धाकटीला सातवा महिना. प्रसूतिगृह बंद झालं, तर साठ किलोमीटर तिलाच जायचं होतं.

“आले असते हो बाई, पण समोरच्या घरातले लोक येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढतात, गटावर टाकतात. जावयाची नोकरी नगरपालिकेत...”

“बरं,” त्या म्हणाल्या. ताट माझ्या हातात दिलं. “धाकटीला गरम करून दे.”

त्या गेल्या आणि मी दाराला कडी लावली.

कंपनीला जाब विचारायला हवा, सरकारलाही. विचाराच, मी कुठे नाही म्हणते? पण बाईंचा उंबरा माझ्या दारापासून सात पावलांवर आहे. मला कुठल्या कंपनीनं अडवलं होतं, कुठल्या सरकारनं?