पुरातून तारणारी काहील

“रोज घासा, रोज पुसा! हाताची सालटी गेली माह्या ह्या धुडापायी,” सोजराबाई माझ्यात वाकून पुटपुटत होती.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. मी एक जुनी काहील आहे, उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, तेव्हा मेहकरजवळ पैनगंगेकाठी पुंजाजीच्या गुऱ्हाळात मी राबत असे. पोरं माझ्याभोवती बोटं चाटत बसत.

एका श्रावणात पैनगंगा घरात शिरली. पुंजाजीने बायको सोजराबाई, सून मनकर्णा आणि तान्ही नात कोकिळा यांना माझ्यात बसवलं. तो आणि मुलगा शेषराव माझी कड धरून पोहले. मी बुडाले नाही. कशी, ते मलाही ठाऊक नाही. पैलतीरी पुंजाजीने मला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून मी देव झाले, आणि माझं काम सुटलं.

शेत खरडून गेलं, म्हणून ही मंडळी मला घेऊन पूर्णेच्या खोऱ्यात पडीक रानात आली. विहीर खणली. नव्या विहिरीच्या पहिल्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत, ही त्यांच्या घरची रीत. पुंजाजी पहिली ओंजळ प्याला आणि डोळे मिटून म्हणाला, “गोड!” मग सगळ्यांनीच गोड म्हटलं.

रोज सकाळी तो त्याच पाण्याचा घडा माझ्यात ओतून हात जोडी. दिवसभराचं ऊन ते पाणी पिऊन टाकी आणि बुडाशी पांढरी खर, कोरडा थर, उरे. दुसऱ्या दिवशी तो यायच्या आत सोजराबाई ती राखेने घासून काढी. घरात डाळ शिजेना. कोकिळेला जुलाब लागले ते थांबेनात. “नव्या जागेची हवा,” सगळे म्हणत. मला सारं कळत होतं, पण मला विचारतो कोण? हात जोडायला सगळे येत, जवळ कुणी बसत नसे. मित्रांनो, भांडं पुजू नका हो, वापरा.

एका सकाळी मनकर्णा पोरीला खांद्यावर टाकून माहेरी निघाली.

“परत येशीन ना वं?” सोजराबाईने विचारलं. मनकर्णाने पोरीवर पदर ओढला. त्या गडबडीत घासायचं राहून गेलं.

पुंजाजी घडा घेऊन वाकला. त्याने खरीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

“थांब, बाई,” तो सुनेला म्हणाला. “ज्या काहिलीनं पुरातून काढलं, तिले वाह्यलेल्या पाण्याले नावं कशी ठेवू, म्हणून गिळत राह्यलो. पाणी खारं हाये. पह्यल्याच घोटाले समजलं होतं मले.”