जिन्यावरचं माणूस

"तुमी कायबी म्हना भीमराजभाऊ, त्या जिन्यावरचं मानूस बदललंय. पयलं मानूस हे न्हाईच. आमच्या साळूबाईनं सोताच्या डोळ्यानं बघितलं, की तिच्या—"

विमलबाईचं बोलणं एवढ्यावरच तुटलं, कारण गिरणीच्या दारात जयमालाबाई भाजणीचा डबा कमरेवर घेऊन उभ्या होत्या. दिवाळी तोंडावर आली होती, डब्यांची रांग उंबऱ्यापर्यंत लागली होती, आणि गिरणीवाला भीमराज पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून एकदा विमलबाईकडं, एकदा दाराकडं बघत होता.

"थांबलीस का गं? काय बघितलं साळूबाईनं?"

"काय न्हाई वो वैनी," विमलबाई पदर सावरत म्हणाली. "आपलं उगं. तुमची तब्येत बरी का आता?"

"मला काय धाड भरलीय. भीमराज, चकलीची भाजनी हाय रे, बाजरीवर टाकू नकोस."

भीमराजनं डबा घेतला, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही. जयमालाबाई परत निघाल्या तेव्हा पाठीमागं नुसता पट्टा फडफडत होता. एरवी अर्धवट ऐकलेली बातमी पुरी केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. संगमनेरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी पाहुणा आला आणि कुणाचा जावई रुसून गेला हे आधी त्यांच्या ओट्यावर कळायचं आणि मग त्या त्या घरात. पण आज त्यांनी उलटून विचारलं नाही, कारण विमलबाई जे बोलत होती ते त्यांच्या स्वतःच्या मनात कितीतरी दिवस सलत होतं. जिन्यावरचं माणूस म्हणजे निजरा. आणि निजरा बदलली होती.

शेजारचं घर आदिनाथमास्तरांचं. मास्तर लेकाकडं पुण्याला गेल्यापासून किल्ली जयमालाबाईंकडं असायची, आणि जिना तर दोन्ही घरांना एकच; तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावरूनच वर जायचा. श्रावणात एक माणूस आपल्या लेकीसाठी तिथली वरची खोली भाड्यानं घ्यायला आला. दूर आसामातून, ब्रह्मपुत्रेच्याही पलीकडून, गाड्या बदलत बदलत. पोरीचं नाव निजरा सइकिया. इथल्या फार्मसी कॉलेजात पहिल्या वर्षाला तिचा नंबर लागला होता. बाप पोस्टात नोकरीला, हेमेनबाबू, बोलायला मऊ. जाताना त्यानं पांढरा, लाल काठांचा एक गामोसा, त्यांच्याकडचा मानाचा पंचा, जयमालाबाईंच्या गळ्यात घातला आणि हात जोडून तसाच उभा राहिला. तेव्हा जयमालाबाईंनी आपल्या हिंदीत त्याला शब्द दिला होता, "काळजी मत करो. मेरी पोटची पोरगी समजके बघती मैं. जशी दी है, तशी वापस देगी."

शब्द म्हणजे शब्द. पोरगी पहिले काही दिवस जेवेचना. बाजरीच्या भाकरीकडं ती पत्र्याच्या तुकड्याकडं बघावं तशी बघायची, भात मात्र दोन्ही वेळा मागायची, आणि संध्याकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून फोनवर आईशी बोलताना रडायची. टपरीवरची पोरं तिला "ए मोमो" म्हणून हाका मारायची. एकदा जयमालाबाई केरसुणी घेऊनच बाहेर गेल्या. "तुझ्या आईला विचारून येऊ का रे, तुला कुठल्या गाडीवरनं इकत आनला ते?" पोरं पांगली आणि निजरा पहिल्यांदा हसली. हनुवटीच्या डाव्या बाजूला तिला तीळ होता. हसताना तो वर चढायचा.

त्यानंतर ती त्यांना 'माही' म्हणू लागली. तिच्याकडं मावशीला माही म्हणतात. कॉलेजातून आली की दप्तर खाली टाकून ती चुलीपाशी बसायची, भाकरी थापायचा प्रयत्न करायची, तिची भाकरी कधी गोल व्हायचीच नाही. एका दुपारी तिनं जयमालाबाईंच्या उजव्या मनगटावरच्या बांगड्या मागं सारल्या आणि तिथलं हिरवं गोंदण बोटानं चाचपलं. तुळशीचं झाड, खाली टिपके. लहानपणी कोल्हारच्या जत्रेत, आजीनं मांडीवर दाबून धरून गोंदवून घेतलेलं.

"ये क्या है, माही?"

"गोंदण. सोनं-नाणं समदं हितंच ऱ्हातं बाई. गोंदण तेवढं बाईच्या संगं जातं."

निजराला ते फार आवडलं. तिनं ते वाक्य तसंच्या तसं घोकलं, जयमालाबाईंच्याच ठसक्यात, मान तशीच वाकडी करून. तिचं ते पहिलं सबंध मराठी वाक्य. कुणी आलं की म्हणून दाखवायची आणि बायका पोट धरून हसायच्या.

मग गणपती गेले आणि जयमालाबाईंना ताप भरला. साधासुधा नव्हे, डॉक्टरनं तोंड वाकडं केलं, चाकणला कंपनीत असलेल्या लेकाला, सुनीलला, फोन गेला, पण त्याला रजा मिळेना. उशाशी निजराच बसून होती. त्या तापातलं जयमालाबाईंना फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की प्रवरेला पाणी आल्यासारखा सारखा आवाज येत होता आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी "माही, माही" म्हणून हाक मारत होतं. हाक मागं मागं जात होती. जाग आली तेव्हा लख्ख सकाळ होती, अंगातला ताप उतरला होता, आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून निजरा बसली होती. तिच्या मांडीवर गामोसा होता. ती पापणी न हलवता बघत होती.

"पानी दे गं बाई."

पोरगी उठली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आंटी... आप?"

त्या दिवसापासून माही गेली आणि आंटी आली.

आधी जयमालाबाईंनी मनावर घेतलं नाही. आजारपणानं त्यांचंच काही धड चालत नव्हतं. भाकरी थापताना हात उलटा वळायचा, दाराचं कुलूप भलतीकडंच फिरवलं जायचं. सुनील फोनवर म्हणाला, "आई, आवाज बसलाय का गं तुझा? आधी वळखूच आला न्हाई." साळूबाई भांडी घासायला यायची ती चार घरं जास्त मिळाली म्हणून सोडून गेली. अशक्तपणात माणसाला सगळंच परकं वाटतं, असं म्हणून त्यांनी ते झटकलं. पण निजराचा तीळ झटकता येईना. एका सकाळी ती जिना उतरताना उन्हात थांबली आणि जयमालाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तीळ हनुवटीच्या उजव्या बाजूला होता.

त्यांनी डोळे चोळले, चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दाराआडून, खिडकीतून पाहिलं. उजव्याच बाजूला. भांगही त्यांना आठवत होता त्याच्या उलट बाजूला, आरशात दिसावा तसा. चेहरा तोच, कपडे तेच, दप्तर तेच; पण एकदा शंकेनं घर केलं की माणसाचं चालणंसुद्धा निराळं दिसायला लागतं. पोरगी आता त्यांच्या चुलीपाशी बसत नव्हती. दिलेला डबा तशाच भरल्या स्थितीत जिन्यावर परत ठेवायची. वरच्या खोलीची कडी दिवसाही आतून लागलेली असायची.

कोजागिरीला मसाल्याचं दूध घेऊन त्या वर गेल्या. निजरानं पेला घेतला, आणि एकाएकी, जुन्या सवयीनं घ्यावा तसा, त्यांचा उजवा हात धरला. बांगड्या मागं सारल्या. बघत राहिली. मग तिनं हात असा सोडला की जणू तो तापलेला तवा होता. पेला कलंडला, दूध पायरीवरून खाली टपकत राहिलं.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं, आंटी."

दार लागलं. जयमालाबाई सांडलेलं दूध पुसत बसल्या. ही ती पोरगी नव्हे. मग ती कुठंय? आपण तापात पडलो होतो तेव्हा काय घडलं? कुणाची तरी पोर आपल्या भरवशावर इथं आली, आणि आपण दिलेल्या शब्दाच्या बदल्यात आता त्या पोस्टातल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? जशी दिली तशी परत देईन म्हणालो होतो.

गिरणीतून आल्यावर त्या दिवशी त्यांनी भाजणीचा डबा फडताळात ठेवला आणि सरळ साळूबाईचं घर गाठलं. साळूबाई लसूण सोलत होती.

"काय बघितलंस तू? विमल सांगत हुती."

"म्या काय न्हाई बघितलं, वैनी." साळूबाईनं मान वर केली नाही.

"वरची पोरगी बदलली, हेच ना? मलाबी तेच वाटतंय. घाबरू नको, सांग."

साळूबाईच्या हातातला लसूण थांबला. "पोरगी?" ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "व्हय व्हय. पोरगीच. तुमी म्हनताय तर तसंच आसंल."

तेवढं पुरे झालं. वसुबारसेपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की वरची पोरगी बदललीय, आणि जयमालाबाईंनी स्वतः सांगितलंय. बायका ऐकून घ्यायच्या, "अगं बाई" म्हणायच्या, आणि जयमालाबाई पुढं गेल्या की एकमेकींकडं बघायच्या.

एकदा शेवटचं पारखावं म्हणून त्यांनी निजराला जिन्यावर गाठलं. कॉलेजला सुट्टी लागली होती, ती पाण्याची कळशी भरून वर चालली होती.

"तू निजराच ना? मग सांग, मी तुला मराठीत पयलं काय शिकवलं हुतं?"

पोरगी कळशी छातीशी धरून भिंतीला टेकली. पण ती बोलली ते स्पष्ट बोलली.

"वो आपने नहीं सिखाया."

झालं. शंकेला जागाच उरली नाही. जयमालाबाईंनी त्याच दुपारी शेजारच्या मुलीकडून नंबर लावून घेतला आणि आसामात फोन केला. "हेमेनबाबू, तुम्ही आ जाव. आपकी पोरगी को डोळे से बघून जाव." पलीकडून तो मऊ माणूस म्हणाला, "हाँ जी, निकल रहा हूँ. बेटी भी रोज़ यही बोलती है. बाबा, आकर देख लो."

तो आला तेव्हा दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते. भर दुपार होती. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. विमलबाई आपल्या दारात आली, साळूबाई तिच्या मागं उभी राहिली. जयमालाबाईंनी सकाळपासूनच नवी साडी नेसून गामोसा गळ्यात घातला होता, बापाला ओळख पटावी म्हणून. आता तो पोरीकडं बघणार, मागं सरणार, आणि विचारणार, माझी निजरा कुठंय?

वरची कडी निघाली. निजरा जिना धडाधडा उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. बापानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडं तिकडं वळवून नीट पाहिलं, केसांवरून हात फिरवला, हनुवटीवरच्या त्या उजव्या बाजूच्या तिळावर अंगठा टेकवला. लहानपणापासून टेकवत आल्यासारखा. त्याचे डोळे भरून आले. लेक त्याचीच होती. यात तिळमात्र शंका नव्हती.

जयमालाबाईंच्या जिवावरचा डोंगर उतरला. म्हणजे आपलेच डोळे गेले! चला, चूक तर चूक. शब्द तर पाळला गेला. त्या हसत पुढं झाल्या. "घेव हेमेनबाबू, आपकी पोरगी. जशी दी, तशी वापस."

हेमेनबाबूंनी वळून पाहिलं. हात जोडले, जसे अनोळखी बाईला जोडतात तसे. त्यांची नजर गळ्यातल्या गामोशावर गेली आणि तिथंच अडकली. मग त्यांनी जयमालाबाईंच्या पाठीमागच्या उघड्या दाराकडं, आतल्या स्वयंपाकघराकडं, पुन्हा लेकीकडं पाहिलं.

"और माही?" त्यांनी हलकेच विचारलं. "माही कहाँ हैं?"

"अवो, मीच की!" जयमालाबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या कानाला फार लांबून आला. "आप हमको वळखा नहीं? बीमार था मैं, बारीक हो गई. हे बघा—" आणि त्यांनी उजव्या हातावरच्या बांगड्या कोपराकडं सारल्या.

आयुष्यभर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाच्या हातातली पिशवी, कपाळावरची आठी, पायातली चप्पल न्याहाळली होती. पण आजारातून उठल्यापासून, रोज त्या हातानं भाकरी थापून, पाणी भरून, दारं लावून, त्या हाताकडं मात्र कधी पाहिलं नव्हतं. आपला हात तो आपलाच. त्यात बघायचं काय?

मनगट कोरं होतं. कोवळं, नितळ, जिथं सुई कधी टेकलीच नाही अशा कातडीचं.

त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून तिथं चोळलं. पुन्हा चोळलं. विमलबाईनं पदर तोंडाला लावला. गिरणीत ती बोलत होती ते याच मनगटाचं, आणि जिन्यावरचं माणूस म्हणजे वरची पोरगी नव्हतीच.

निजरा बापाच्या खांद्याआडून बघत होती. तिच्या डोळ्यांत आता भीती नव्हती, कुणाची तरी कीव यावी तसं काहीतरी होतं. ती एक पाऊल पुढं आली, तिनं तो गामोसा त्यांच्या गळ्यातून अलगद काढून घेतला, आणि मान किंचित वाकडी करून, चुलीपाशी बसणाऱ्या त्या बाईच्या हुबेहूब ठसक्यात म्हणाली,

"सोनं-नाणं समदं हितंच ऱ्हातं बाई. गोंदण तेवढं बाईच्या संगं जातं."