तीन बशांतली पाठ

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत एक बाई माणसांची कातडी वाढवत असे. "आमची ही चामड्याच्या धंद्यात आहे," असं तिचा नवरा शेजारीपाजारी सांगायचा. परिणामी एकदा वरच्या मजल्यावरचे काका तुटकी चप्पल घेऊन आले. तिने ती मुकाट्याने शिवून दिली. इस्पितळात तिला सगळे कातडीवालीच म्हणत.

सध्या तिच्या उबदार कपाटात तीन बशा होत्या आणि त्या तीन बशांत एका बेकरीवाल्याची पाठ होती.

भट्टीचा भडका उडाला तेव्हा तो वळून पळाला, म्हणून तोंड वाचलं आणि पाठ गेली. त्याच्या मांडीवरच्या तिकिटाएवढ्या तुकड्यातून कातडीवालीने पेशी काढल्या होत्या. बशीत आधी त्यांच्यासाठी पातळसं अंथरूण घातलं होतं. पेशीला खाली धरायला काही मिळालं नाही तर ती अंग चोरून गोल होते, तरंगत राहते आणि जीव सोडते. अंथरूण मिळालं की आधी त्याला घट्ट धरते, मग शेजारणीला. शेजारणी एकमेकींना जागोजागी टाके घातल्यासारख्या बिलगतात आणि बशीभर एकच पापुद्रा तयार होतो.

बेकरीवाल्याची बायको रोज सकाळी खिडकीच्या काचेशी उभी राहून विचारायची, "पोरी कशा आहेत?" स्वतः बेकरीवाला पालथा पडलेला, त्यामुळे तो फरशीला विचारायचा, "पाठ कुठवर आली?"

आज ती पाठ त्याला मिळायची होती. शस्त्रक्रियेची तयारी झाली होती.

कातडीवालीच्या फ्रिजमध्ये दोन औषधं असत. एक पेशींना सगळ्यांपासूनच सुटं करायचं, बशीपासून आणि एकमेकींपासूनही. ते रोजचं, दाटी झाली की त्यांना पांगवून नव्या बशांत घालायला लागे. दुसरं फक्त अंथरुणाचा हात सोडवायचं, शेजारणींचा नाही. त्याने अख्खा पापुद्रा उचलून येई. ते क्वचितचं. दोन्ही दिसायला पाण्यासारखी.

हात रोजच्या बाटलीकडे गेला. डोकं त्या वेळी शस्त्रक्रिया करणाऱ्या दाढीवाल्या डॉक्टरांच्या फोनला उत्तर देत होतं.

सूक्ष्मदर्शकात पाहिलं तेव्हा पहिल्या बशीतला पापुद्रा विरत चालला होता. एकेक पेशी हात आखडून घेत होती, गोल होत होती, निघून जात होती. तिने झटकन औषधाचा जोर मोडणारं पाणी ओतलं. पेशी वाचल्या. पापुद्रा गेला.

उरलेल्या दोन बशांना तिने योग्य ते औषध दिलं आणि डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर शांत माणूस म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांनी विचारलं, की पापुद्रा बशीतून सुटला की आकसतो हे तिला माहीत आहे ना. आधीच आखूड पडणाऱ्या कापडातलं तिने एक वार कमी करून आणलं आहे हे कळतंय ना. तिला दोन्ही कळत होतं. तिने एवढंच सुचवलं, की सुट्या झालेल्या पेशी धुऊन, पापुद्रा पुरणार नाही त्या खांद्यावर फवारता येतील. तिथल्या जखमेचा तळ स्वच्छ आणि रसरशीत आहे. धरायला मिळालं तर धरतील. खात्री नाही. नाहीतर नवी बशी वाढेपर्यंत थांबायचं, पण तोवर पाठ उघडी.

"हे त्याच्या बायकोला तूच सांग," डॉक्टर म्हणाले.

तिने सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. बायकोने काचेतून रिकाम्या झालेल्या बशीकडे पाहिलं.

"सुट्या झाल्यात, की मेल्यात?"

"सुट्या झाल्यात."

"माझे दीर सुटे झाले, ते परत काही चिकटले नाहीत."

"त्यांना खाली धरायला काही उरलं नसेल," कातडीवाली म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, आपण आज गप्पच राहायला हवं होतं.

बायकोने पदराने नाक पुसलं. "सासरे गेले तेव्हापासूनचंच आहे ते." मग म्हणाली, "फवारा. उघड्या पाठीने तो आणखी किती दिवस फरशीशी बोलणार?"

पट्टी सोडायच्या दिवशी कातडीवाली कधी नव्हे ती वॉर्डात गेली आणि दाराआडच थांबली. पाठीवर दोन पापुद्रे छान बसले होते. खांद्यावर मात्र गुलाबी ठिपके होते, विखुरलेले, मधे बरीच मोकळी जागा. डॉक्टर वाकून बघत राहिले, हुंकारले आणि पुन्हा पट्टी बांधली. तो हुंकार कुठल्या जातीचा हे कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर तिने दोन बाटल्या दोन वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. त्यातला एक परिचारिकांचा होता. त्यावरून भांडण झालं, पण ती हटली नाही.

मग एका सकाळी बायको काचेशी आली. बशा दुसऱ्याच कोणाच्या होत्या, तरी आली.

"चिकटल्या का?" कातडीवालीने विचारलं.

"ठिपके एकमेकांना जाऊन भेटलेत म्हणे. मला काय कळतंय. पण खांद्याला खाज सुटली म्हणून त्याने पहाटेपासून वॉर्ड डोक्यावर घेतलाय. डॉक्टर तर खूश आहेत, म्हणतात खाजू दे." ती जरा थांबली. "तुम्ही येऊन त्याला सांगा बाई, नखं लावू नको म्हणून. माझं तो कधी ऐकतो?"

कातडीवालीने हातमोजे काढले आणि कपाटाचं दार नीट लागलंय ना ते दोनदा पाहून ती तिच्यामागोमाग निघाली.